घुमीचं दुकान

५ जानेवारी

शिबिरात सांगितलं होतं की रोज सकाळी आरशासमोर उभं राहून 'मी यशस्वी आहे' असं मोठ्यानं दहा वेळा म्हणायचं. आज उभी राहिले. आरशातली ती आणि मी, दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. तिलाही काही सुचेना. शेवटी केस विंचरले आणि दुकानात आले. म्हणून ही वही. ज्यांना ओरडायचं आहे त्यांनी ओरडावं, मी लिहीन.

आधी नोंद करून ठेवते. शिलाई मशीनच्या कंपनीत सोळा वर्षं मी दुरुस्ती विभागात होते. मागच्या वर्षी तो विभागच बंद केला. लोक आता दुरुस्त करत नाहीत, नवीन घेतात, असं साहेबांचं म्हणणं. आम्हा अकरा जणांना विक्री विभागात घेतो म्हणाले. दहा गेले. मी गेले नाही. दारोदार फिरून 'एकदा चालवून तर बघा' म्हणायला माझी जीभ मेले तरी वळणार नाही. त्यापेक्षा हे दुकान. नऊ बाय अकराची खोली, एका बाजूला झेरॉक्स, दुसऱ्या बाजूला चाव्या बनवणारा. पाटीवर एकच ओळ आहे: शिलाई मशीन दुरुस्ती.

जागेच्या कागदावर जामीन म्हणून दादानं सही केली आहे, जूनअखेरपर्यंत. सही करताना म्हणाला, "घुमे, दुकानात बोलावं लागतं, माहीत आहे ना?" घरात मला घुमी म्हणतात. वाईट वाटून घ्यायचे दिवस केव्हाच गेले.

ते विक्री शिकवणारं शिबिरही मला त्यानंच लावलं होतं. प्रत्येकानं खुर्चीवर उभं राहून एक पेन विकून दाखवायचं होतं. माझ्या आधीचे गृहस्थ पेन विकताना रडले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हात धुवायला म्हणून उठले ती थेट घरी आले. पर्स तिथेच राहिली. ती दादानं आणून दिली आणि काही बोलला नाही, हे त्याच्या मानानं पुष्कळ झालं.

१२ जानेवारी

कोणी आलं नाही. हत्यारं पुसून ठेवली.

२३ जानेवारी

अठरा दिवसांत दोन गिऱ्हाइकं. त्यातलं एक झेरॉक्सचं दुकान समजून आलं होतं.

कारण कळत नाही. पाटी ठळक आहे, रस्ता वाहता आहे, समोर शिंप्यांची दोन दुकानं आहेत. आणि आत किती छान शांतता असते. शटर मी अर्ध्यावरच ठेवते. पूर्ण उघडलं की येणारा-जाणारा डोकावतो, नजरेला नजर भिडली की हसावं लागतं, आणि हसलं की तो थांबतो.

२७ जानेवारी

आज चावीवाला वाकून शटरखालून आत आला आणि म्हणाला, "ताई, एक विचारू? दुकान उघडणार कधी?"

मी म्हटलं, उघडलंय की.

"नाही, म्हणजे सामान लागतंय अजून, असं मी सगळ्यांना सांगतोय. रोज दोघं-तिघं विचारून जातात."

तेवीस दिवस. तेवीस दिवस मी आत बसून लोकांच्या नावानं बोटं मोडत होते, आणि तो बिचारा बाहेर लोकांना परत पाठवत होता. त्याच्यावर चिडायचीही सोय नाही.

शटर वर केलं. पूर्ण. पण मीही काही कमी नाही. लगेच सुताराला बोलावून मध्ये प्लायवूडचा आडोसा घालून घेतला. पुढे टेबल, मागे मी. टेबलावर कागदांचा गठ्ठा, दोरीला बांधलेलं पेन आणि सूचना: 'मशीन इथे ठेवा. काय होतंय ते कागदावर लिहा. परवा या.'

दादा ऐकून म्हणाला, हे दुकान आहे की टपालपेटी?

३ फेब्रुवारी

टपालपेटी चालते आहे. आठवड्यात नऊ मशीनं.

लोक बोलण्यापेक्षा लिहिताना खरं सांगतात. तोंडी सगळे म्हणतात, 'आपोआप बिघडलं.' कागदावर एका बाईंनी लिहिलं होतं, 'यजमानांनी डोक्याला लावायचं तेल घातलं. त्यांना सांगू नका की मी सांगितलं.' दुसरीनं लिहिलं होतं, 'रागात असताना चालवलं.' मशीन उघडलं तर सुई तुटून आत पडलेली. तिचा राग किती खोल गेला होता ते मोजता आलं असतं.

समोरच्या कोपऱ्यावरचे शिंपी आज पहिल्यांदा आले. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. सत्तरीचे असतील, गळ्यात टेप. मशीन ठेवलं, कागदावर लिहिलं, 'टाका पडत नाही.' मी बघितलं तर बॉबिन उलटी बसवलेली. पन्नास वर्षं शिवणारा माणूस बॉबिन उलटी घालतो म्हणजे कमाल झाली. पाच मिनिटांत झालं, तर म्हणाले, "सावकाश करा, मला घाई नाही," आणि आडोशाच्या आत येऊन स्टुलावर बसून राहिले. तासभर. मी दुसरं काम काढलं. ते काही बोलले नाहीत, मीही नाही.

१० फेब्रुवारी

मास्तर पुन्हा. या वेळी पट्टा निसटलेला. मी जरा फटकळपणे म्हटलं, हा तर तुम्हीच चढवू शकला असतात. ते म्हणाले, "वय झालं." आणि बसले. म्हणाले, "आमच्याकडे तिन्ही मुलं एकदम बोलतात. वर रेडिओ."

मी मशीनला पेचकस लावून त्याची लाकडी मूठ कानाशी धरते, तेव्हा आत काय घासतंय ते ऐकू येतं. कंपनीत सगळे हसायचे. मास्तर हसले नाहीत. मी ऐकत असले की ते श्वाससुद्धा हळू घेतात. पण या माणसाच्या निष्काळजीपणाचं काय करावं ते समजत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा काहीतरी करून ठेवतील.

२ मार्च

आठ दिवस शुकशुकाट. परीक्षांचे दिवस असतात म्हणे.

कालपासून मनात एकच घोळतं आहे की विक्री विभागात गेलेले ते दहा जण आता पंख्याखाली बसून हसत असतील. आज सकाळी कुलपात किल्ली घालून तशीच उभी राहिले. घरी परत गेले असते तर कोणाला कळलंही नसतं. मग राग आला. मला बोलता येत नाही म्हणून मी आपला धंदा सोडायचा आणि ज्यांना फक्त बोलताच येतं त्यांनी तो करायचा, हा कुठला न्याय? उघडलं.

नियम करून टाकला. दहाला उघडायचं, सहाला बंद करायचं. मधल्या वेळात मनाला काही विचारायचं नाही.

१९ मार्च

दादा आला होता. नेमकं तेव्हा कोणी नव्हतं. आडोशामागे येऊन मला बघितलं आणि त्याचा चेहरा असा झाला की मला माझीच कीव यायला लागली.

म्हणाला, "तुझ्या हातात कसब आहे, हे मी कधी नाकारलंय? पण पुढे बसणारा माणूस पाहिजे. मी दोन धंदे केले, मला माहीत आहे." त्यानं दोन केले हे खरं. पाणी शुद्ध करायच्या यंत्रांची एजन्सी आणि मग सहलींची कंपनी. दोन्हींच्या उद्घाटनाला खूप माणसं होती.

त्याचा एक मित्र आहे. निम्म्या भागीदारीत पुढे बसायला तयार आहे. मी म्हटलं, बघते. दादाला 'बघते' म्हणजे 'हो' वाटतं, आणि मला 'नाही' म्हणायला अजून एक वाक्य लागतं.

१ एप्रिल

मित्र आला. आवाज आधी येतो, माणूस नंतर. मी त्याचं नाव मनात भोंगा ठेवलं आहे. आल्याआल्या कागदांचा गठ्ठा आणि दोरीचं पेन खणात टाकलं. "कागद कशाला? आता मी आहे ना."

९ एप्रिल

खरं लिहायचं तर दुकान भरलेलं असतं. भोंगा रस्त्यावरच्या माणसाला हात धरून आत आणतो. परवा एका गृहस्थांनी मशीन नसतानाही चौकशी केली. मी मागे बसते, काम करते, कोणाशी एक शब्द बोलावा लागत नाही. मला हेच तर हवं होतं. मग संध्याकाळी डोकं का दुखतं, कोण जाणे. पेचकस कानाशी धरला की त्याचाच आवाज येतो.

मास्तर आले होते. भोंग्यानं त्यांना स्टुलावर टेकूसुद्धा दिलं नाही, दहा प्रश्न विचारले, पाठीवर थाप मारली. ते मशीन उचलून तसेच गेले. त्यानंतर आलेच नाहीत. मशीन सुधारलं असावं बहुतेक. बरंच झालं.

१७ एप्रिल

आज एक बाई आल्या होत्या. शाळेचे गणवेश शिवतात, त्यावर घर चालतं, असं त्यांच्या बोलण्यातून कळलं. मला त्या दिसल्या नाहीत, आवाज ऐकू आला. मशीन एकदम अडकलं म्हणाल्या. भोंग्यानं चाक फिरवलं. अर्धा फेरा, मग टक, मग चाक मागे. मला आतूनच कळलं, शटलमध्ये, म्हणजे बॉबिन बसते तिथे, धागा गुंतला आहे. चिमट्यानं काढायचा, तेलाचे दोन थेंब, झालं.

भोंगा म्हणाला, "मावशी, शाफ्ट गेला. हिच्यात आता जीव नाही." आणि मग नवीन मोटरच्या मशीनबद्दल, त्याच्या ओळखीच्या शोरूमबद्दल, हप्त्यांबद्दल. त्या एकदा म्हणाल्या, "आतल्या बाईंना दाखवता का?" तो म्हणाला, "त्यांनीच सांगितलंय." अर्ध्या तासात त्या त्याच्याबरोबर शोरूममध्ये गेल्या. जुनं मशीन भंगारात.

मी बाहेर जाणारच होते. पण हात तेलानं भरले होते, आणि पुसेपर्यंत त्या निघून गेल्या.

१८ एप्रिल

हात पुसायचं फडकं सापडत नव्हतं. नाहीतर गेलेच असते.

२१ एप्रिल

हात कोरडे होते.

२२ एप्रिल

तीन दिवस झोप धड नाही. आज सकाळी ठरवलं की निदान इथे तरी खरं लिहायचं. मी आडोशाला पाठ लावून उभी होते. दोन पावलं टाकली असती तर पुरे होतं. तोंडातून एक शब्द काढायचा होता, 'थांबा'. तो निघाला नाही. बाहेर आणखी एक गिऱ्हाईक धरून तिघं होते, ते तिघंही माझ्याकडे बघतील, एवढ्याचीच भीती. आयुष्यभर मी 'माझा स्वभावच असा आहे' म्हणत आले आणि मला त्याचा अभिमानही होता. घुमी असणं वेगळं आणि भित्री असणं वेगळं. मी या दोन्ही गोष्टी एकाच खणात ठेवल्या होत्या.

दुपारी भोंगा जेवायला गेला तेव्हा भंगारवाल्याकडे गेले. त्यानं लाकडी टेबल फोडून टाकलं होतं, पण मशीन ढिगात होतं. जुन्या घडणीचं, वजनदार. चाक फिरवलं. टक. मी काय विचारते आहे ते त्याला कळेना, कारण मी काही विचारतच नव्हते, मशीनला मिठी मारून उभी होते. शेवटी म्हणाला, "न्या बाई."

चिमट्यानं धागा काढला. निळा होता, गणवेशाचा. सात मिनिटं लागली.

२४ एप्रिल

पावतीवरून पत्ता मिळाला. तिसरा मजला. मशीन रिक्षातून नेलं आणि जिन्यात तीनदा टेकवलं. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. पाच वाक्यं. बाईंनी दार उघडलं आणि मी कागद बघायला विसरले.

मी म्हटलं, तुमचं मशीन बिघडलंच नव्हतं. धागा अडकला होता. मला आतून ऐकू आलं होतं. मी बाहेर आले नाही.

त्यांनी मशीनचं चाक फिरवून बघितलं. मग म्हणाल्या, "ऐकू आलं होतं?"

हो.

"आणि गप्प बसलात."

हो.

"मग आता कशाला आलात? माफी मागायला? तुम्हाला बरं वाटावं म्हणून?" आणि मग त्या जे बोलल्या ते सगळं मी लिहिणार नाही. खोटं त्यात काहीच नव्हतं. नवीन मशीनच्या आवाजानं त्यांची तान्ही नात दचकते, त्यावर त्यांचा हात बसत नाही, आठ दिवसांत चार गणवेश वाया गेले, हप्ता मात्र चालू झाला. शेजारचं दार उघडून कोणीतरी बघायला लागलं. मी उभी राहिले. माझे पाय चक्क उभे राहिले. त्या थांबल्यावर मी म्हटलं, उद्या अकराला शोरूममध्ये या. नवीन मशीन परत करायचं.

त्या म्हणाल्या, "ते घेणार नाहीत."

मी म्हटलं, बघू.

२५ एप्रिल

घेणार नाहीत असं शोरूमच्या मॅनेजरनं पहिल्याच मिनिटात सांगितलं. नियम दाखवले. बाई बोलल्या, त्यांचा आवाज चढला, तो अजून गोड झाला. अशा माणसावर कोणी ओरडलं की त्याला बळ येतं. मग तो माझ्याकडे वळला. "मॅडम, तुमचं काय म्हणणं?"

मी म्हटलं, हे मशीन यांच्या गळ्यात खोटं सांगून मारलं आहे. माझ्या दुकानातून. ते परत घ्या.

तो पुष्कळ बोलला. मी काही बोलले नाही. माझं सांगून झालं होतं. तो थांबला, मी उभीच. तो पुन्हा बोलायला लागला. मी काउंटरसमोर उभी, हात बांधून, त्याच्याकडे बघत. 'नाही' म्हटलं नाही, वाद घातला नाही. शिबिरात या कशाचीच तयारी करून घेतली नव्हती, पण गप्प उभं राहण्याचा मला चाळीस वर्षांचा सराव आहे. गिऱ्हाइकं यायची, माझ्याकडे बघायची, 'काय झालंय?' विचारायची. मी सांगायची, "परत घेत नाहीत." त्यातलाही एखादा शब्द कमी करता आला असता तर केला असता. एक जोडपं पैसे भरायच्या बेतात होतं, ते म्हणालं, उद्या येतो.

सव्वा वाजता मॅनेजरनं कागद काढला, खरेदी रद्द केली, भरलेला हप्ता परत द्यायचं लिहून दिलं. एवढं ताणलं, पण शेवटी माणूस चांगला निघाला.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "तुम्हाला घाम आलाय." मग म्हणाल्या, "मी अजून माफ केलेलं नाही." मी म्हटलं, ठीक आहे. आणि खरंच ठीक होतं.

२६ एप्रिल

भोंग्याला सांगितलं, उद्यापासून येऊ नका. चिठ्ठी ठेवायचा मोह झाला होता. ठेवली नाही, तोंडानं सांगितलं. आवाज कापला, पण वाक्य पुरं झालं.

तो हसला. "मी नसलो तर महिन्यात दुकान बसेल." मी म्हटलं, बसेल तर माझं बसेल. तो बराच वेळ बोलत होता, मी कागदांचा गठ्ठा खणातून काढून टेबलावर ठेवला. जाताना त्यानं दादाला फोन लावला, दुकानाच्या दारातूनच, मला ऐकू जावं म्हणून.

२७ एप्रिल

दादा घरी आला. तो इतकं बोलला की शेवटी त्याचा आवाज बसला. सार असं: लोकांसमोर त्याचं नाक कापलं गेलं. धंद्यात थोडं इकडचं तिकडं होतंच. मी हट्टी, व्यवहारशून्य. आणि शेवटी, खाली बघत, "मला तुझी काळजी वाटते गं. मी बुडालोय, मला माहीत आहे कसं असतं." हे शेवटचं तो खरं बोलला आणि मला त्याच्यावर रागावता येईना.

पण जाताना म्हणाला, जुलैपासून सही करणार नाही. मित्राला परत घे, नाहीतर जागा सोड.

आई तिथेच पुस्तक वाचत होती. आई शाळेच्या ग्रंथालयात तीस वर्षं होती आणि घरातही तशीच वावरते. तिनं पान उलटलं.

१५ मे

भोंगा खोटं बोलत नव्हता. गर्दी त्याच्याबरोबर गेली. दिवसाला एखादं मशीन, कधी तेही नाही. दहाला उघडते, सहाला बंद करते. मनाला विचारत नाही. मनानं मधूनमधून स्वतःहून सांगायला सुरुवात केली आहे, पण मी ऐकत नाही.

आडोसा काढून टाकला. सुतार म्हणाला, "चार महिन्यांपूर्वीच तर लावला." मी म्हटलं, हो, आता काढा. आता मी रस्त्यावरून सगळ्यांना दिसते. पहिल्या दिवशी पाठीला मुंग्या येत होत्या. पाचव्या दिवशी सवय झाली. आठव्या दिवशी एक शाळकरी मुलगी आत येऊन पेचकस माझ्यासारखा कानाला लावून गेली.

२१ मे

मास्तर आले. सुई उलटी बसवली होती. मला आता या माणसाला काही म्हणवत नाही. दीड तास बसले. जाताना म्हणाले, "तो बोलका गेला का? बरं झालं."

६ जून

गणवेशवाल्या बाई आल्या. बरोबर दोन शेजारणी, तीन मशीनं. टेबलावर आपटल्यासारखी ठेवली आणि मला काही न बोलता कागदावर लिहिलं, 'धागा अडकलाय का ते आधी बघा. मग बाकीचं.' तिन्ही कागदांवर तेच. एका मशीनमध्ये खरंच धागा होता.

माफ केलं का, ते मी विचारलं नाही. आजची तीन धरून बारा दिवसांत त्यांनी पाठवलेली सहा मशीनं झाली आहेत.

१८ जून

जागामालकाचा माणूस येऊन गेला. जामिनाची सही असलेला कागद तीसपर्यंत हवा. जामीन राहणाऱ्याच्या नावावर घर पाहिजे. माझ्या ओळखीत अशी माणसं किती, म्हणून यादी करायला बसले. यादी लवकर संपली.

२४ जून

मास्तरांना विचारलं. लिहायला एक ओळ लागली, विचारायला चार दिवस लागले. त्यांच्या दुकानासमोरून तीनदा नुसतीच गेले. चौथ्यांदा आत शिरले, तिन्ही मुलं एकदम बोलत होती, रेडिओ चालू होता, त्या सगळ्यावरून मला विचारावं लागलं. म्हणजे जवळजवळ ओरडून.

मास्तरांचा चेहरा उतरला. म्हणाले, "सगळं मुलांच्या नावावर करून बसलोय. माझी सही आता कोणी घेत नाही." मुलांकडे बघितलं, मुलं रेडिओकडे बघत होती. मला पोचवायला रस्त्यापर्यंत आले. म्हणाले, "मी मशीन आणत जाईन, तेवढं चालेल का?" मी म्हटलं, मास्तर, तुम्ही जरा जपून वापरलंत तर आणावंही लागणार नाही. ते मान हलवत परत गेले.

नाही म्हणाले. तरी मी इथे बसून लिहिते आहे. नकार ऐकून माणूस मरत नाही, हे मला आज कळलं. आधी कळलं असतं तर किती जणांना किती गोष्टी विचारल्या असत्या.

२९ जून

आज रविवार. दादा आणि वहिनी दुपारी जेवायला होते. कागद मी ताटाशेजारी ठेवला होता, घडी घालून. दादानं बघितला आणि म्हणाला, "अजून वेळ गेलेली नाही. मी त्याच्याशी बोललो आहे. तू फक्त हो म्हण, मी आत्ता सही करतो. मागे बस, तुझं काम कर, कोणी तुला त्रास देणार नाही." त्याच्या आवाजात खरंच माया होती. एकोणीस मार्चला मी 'बघते' म्हटलं होतं, एकवीस एप्रिललासुद्धा म्हटलं असतं.

मी म्हटलं, नाही.

एवढं बोलून थांबायचा विचार होता. पण सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मी थोडक्यात सांगितलं की भोंग्यानं, म्हणजे त्याच्या मित्रानं, जिचं पोट मशीनवर आहे अशा बाईचं चालू मशीन भंगारात घातलं आणि मी मागे बसून ते ऐकलं. मागे बसून मी फक्त मशीन ऐकत नव्हते, ते सगळंही ऐकत होते, आणि ते पुन्हा ऐकायला मी तिथे बसणार नाही. माझ्या दुकानात गर्दी कमी आहे, असेल. दिवसाला तीन मशीनं येतात, ती सगळी चालायला लागून परत जातात. जानेवारीत दुकान तीनच आठवड्यांत बसलं असतं, शटर अर्ध्यावर होतं तरी बसलं नाही. मार्चमध्ये नाही बसलं, मेमध्ये नाही. मी रोज दहाला उघडते. मला पेन विकता येत नाही, विकायचंही नाही. ज्याला दुरुस्त करून हवं आहे तो मला शोधत येतो, त्याला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ बसून राहायची ताकद माझ्यात आहे, ती तुझ्यात नव्हती, दादा. हे मी तुला टोचायला म्हणत नाही. तुझ्याकडे बोलणं होतं, माझ्याकडे हे आहे. आणि बुडालेच तर तुझ्या नावावर नाही बुडणार.

इतकंच बोलले. वहिनीचा हात वाटीत तसाच राहिला होता.

मग मी आईकडे वळले. म्हटलं, आई, तू जामीन राहशील का?

दादा म्हणाला, "आईला मध्ये घेऊ नकोस. उद्या काही झालं तर तिच्या घरावर येईल."

मी म्हटलं, म्हणूनच तुझ्यासमोर विचारतेय. ती नाही म्हणाली तरी चालेल.

आईनं हात धुतला, पुसला, चष्मा लावला. कागद घेतला आणि वाचायला लागली. ती कुठलाही कागद पहिल्या शब्दापासून वाचते, मागच्या बाजूचं बारीक छापलेलंसुद्धा. आम्ही तिघं उष्ट्या हातानं बसून होतो. दोन्ही बाजू वाचून झाल्यावर तिनं माझ्याकडे पेन मागितलं आणि सही केली, ग्रंथालयात करायची तशी, पूर्ण नाव, खाली तारीख.

दादा म्हणाला, "आई, अगं, नीट विचार तरी कर."

आई म्हणाली, "तुझ्या दोन्ही धंद्यांच्या वेळी माझी सही मागितलीस, तेव्हा विचार कर म्हणाला नव्हतास."

पेनाला टोपण लावून ते तिनं मला परत दिलं, कागद माझ्यापुढे सरकवला, आणि दादाला विचारलं, "भाजी वाढू?"

दादानं ताट पुढे केलं.